बेचकी, विटी, पोटॅश: मुलाला काय शिकवावं, काय सोडावं

एका वडिलांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. मुलगा नऊ वर्षांचा, शहरात वाढलेला, शाळा आणि मोबाईल यांच्यापलीकडे फारसा बाहेर न पडणारा. मे महिन्यात त्याला गावी न्यायचं आहे. "आम्ही बेचकी केली, विटीदांडू खेळलो, बेअरिंगच्या गाड्यावर उतार उतरलो, दिवाळीत पोटॅश वाजवलं, धनुष्यबाण केले. आम्हाला काही झालं नाही. त्यालाही हे सगळं शिकवावं असं वाटतं. बायकोचं म्हणणं, एखादा डोळा जाईल. डोळ्यांच्या डॉक्टर म्हणून तुमचं मत काय?"

माझं मत: न्या. नक्की न्या, आणि निदान महिनाभर तरी ठेवा. बेचकी, भोवरा, गाडा हे सगळं त्याच्या हातानं करून घ्या. विटीदांडू काही अटींवर. पोटॅश, कार्बाइडची बंदूक आणि टोकदार धनुष्यबाण मात्र अजिबात नको, कुठल्याही अटीवर नको. तुमच्या पत्नीची भीती रास्त आहे, पण तिनं सगळे खेळ एका माळेत ओवलेत. तुमची हौसही रास्त आहे, आणि तुम्हीही तेच केलंत. प्रत्येक खेळात डोळ्याला धोका नेमका कुठून येतो ते पाहिलं तर तुमचं दोघांचं जमेल.

आधी डोळ्यांचीच बाजू मांडते, कारण ती सहसा कोणी मांडत नाही. मैदानावरचे खेळ गेले त्याची किंमत मुलांचे डोळे मोजतायत. मायनस नंबर घेऊन येणारी मुलं वाढली आहेत आणि पहिला चष्मा लागण्याचं वय खाली आलं आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात 12 शाळांमधल्या पहिलीच्या मुलांवर तीन वर्षांचा एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांत रोज 40 मिनिटं जादा मैदानावर घालवायची, बाकीच्या शाळांचं वेळापत्रक होतं तसंच ठेवायचं. तीन वर्षांनी नेहमीच्या शाळांतल्या 39.5 टक्के मुलांना मायनस नंबर लागला होता, मैदानावरच्या मुलांपैकी 30.4 टक्क्यांना. हे निष्कर्ष 2015 साली प्रसिद्ध झाले. यात मुख्य काम उजेडाचं आहे. घरातल्या दिव्यांचा उजेड आपल्याला पुरेसा वाटतो, पण बाहेर झाडाच्या सावलीतसुद्धा त्याच्या कित्येक पट प्रकाश असतो. त्या प्रकाशानं दृष्टिपटलात, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यात, डोपामिन नावाचं रसायन तयार होतं आणि डोळ्याची लांबी वाढण्याला ते आवर घालतं, असं मानलं जातं. मायनस नंबर म्हणजे लांब झालेला डोळा. नंबर फार वाढला की पुढे पडदा सुटणं, काचबिंदू असे आजार मागे लागतात. त्यामुळे मुलाला घरात सांभाळून ठेवलं की त्याचे डोळे सुखरूप राहतात, हे मला मान्य नाही.

आता तुमचं "आम्हाला काही झालं नाही". ज्याला झालं तो तुमच्या आठवणींच्या गप्पांत नसतो. तो माझ्याकडे येतो, आणि पुष्कळदा तिशी-चाळिशीत येतो. "एका डोळ्यानं पहिल्यापासूनच कमी दिसतं" असं सांगत बसतो. तपासताना बुबुळाची कड एका ठिकाणी फाटलेली दिसते, भिंग जागेवरून थोडं सरकलेलं असतं. विचारलं की आठवतं: सहावीत विटी लागली होती, घरी मार बसेल म्हणून सांगितलं नाही. मुका मार लागला की डोळ्यातलं पाणी बाहेर वाहून नेणारा कोपरा आतून फाटू शकतो. त्या वेळी दोन दिवस डोळा लाल राहतो आणि मग सगळं विसरलं जातं. काही जणांत मात्र दहा-वीस वर्षांनी त्याच डोळ्याचा दाब वाढतो आणि एकाच डोळ्यात काचबिंदू होतो. हे वाचणाऱ्या कुणाला लहानपणी डोळ्यावर जोराचा मार बसला असेल, तर आज चांगलं दिसत असलं तरी वर्षातून एकदा डोळ्याचा दाब तपासून घ्यावा.

विटीबद्दल सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडच्या खेळांमध्ये डोळ्याची बरीच हानी हिनं केली आहे. डोळ्याभोवती हाडाची खोबण असते. वर भुवईचं हाड, खाली गालाचं. टेनिसचा चेंडू आला तर त्याचा बराचसा मार हे हाड झेलतं. विटी या खोबणीत सरळ शिरते. वीतभराहून लहान, मध्ये जाड, दोन्ही टोकांना निमुळती, बाभळीसारख्या टणक लाकडाची, आणि हवेत गरगर फिरत येणारी. टोक लागलं तर डोळा फाटतो, मधला भाग लागला तर मुका मार. शिवाय तिचा रस्ता ओळखता येत नाही. चेंडू पाहून हात पुढे करता येतो, फिरती विटी वाऱ्यानं आणि स्वतःच्या फिरकीनं ऐनवेळी वळते. आणि खेळाचा नियमच असा की झेल घेतला तर मारणारा बाद. म्हणून झेलणारी पोरं तोंड वर करून, डोळे विटीवर लावून पुढे धावतात. काही गावांत वकट, लेंड, मूंड म्हणत विटी पायाच्या पंज्यावर, मुठीवर आणि मान मागे टाकून चक्क डोळ्यावर ठेवूनही टोला मारायची रीत होती. आमच्या आळीतही होती, आणि मी स्वतः तसं खेळले आहे. हा प्रकार मुलाला दाखवूसुद्धा नका.

मारणाऱ्याला सहसा काही होत नाही. लागतं ते झेलणाऱ्याला, आणि त्याहून वाईट म्हणजे कट्ट्यावर बसून बघणाऱ्या धाकट्या भावंडाला. त्याला खेळही नीट कळत नसतो. सात-आठ वर्षांच्या आतल्या मुलाच्या डोळ्याला इजा झाली तर आणखी एक संकट असतं. जखम आम्ही शिवतो, मोतीबिंदू झाला तर काढतो, डोळा दिसायला नीट होतो. पण मधल्या काळात मेंदू त्या डोळ्याकडून बघायचं सोडून देतो. त्याला आळशी डोळा म्हणतात. मग महिनोन्‌महिने चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून त्या डोळ्याला बघायला लावावं लागतं. हे काम ऑपरेशनपेक्षा अवघड आहे आणि आईबापांचा पुरता कस बघतं.

म्हणून विटीदांडूच्या अटी. विटीची टोकं पेन्सिलीसारखी तासायची नाहीत, बोटाच्या पेराएवढी गोल ठेवायची आणि पॉलिश पेपरनं घासायची. अशी विटी कोलायला थोडी जड जाते, पण उडते. झेलणारे समोर, लांबवर. बघे मारणाऱ्याच्या बरेच मागे, लहान मुलं तर ओसरीवरच. झेल घेतल्यावर बाद हा नियम काढून टाका. जमिनीवर पडलेली विटी फेकून दांडूवर मारायची, तेवढा नियम पुरे. आणि खेळणाऱ्या सगळ्यांना पॉलिकार्बोनेटचे, म्हणजे सहजी न फुटणाऱ्या प्लास्टिकचे गॉगल. हार्डवेअरच्या दुकानात वेल्डिंगच्या सामानाजवळ पारदर्शक सुरक्षा-चष्मे मिळतात, महाग नसतात. पोरं पहिले दोन दिवस तक्रार करतील. क्रिकेटला हेल्मेट घालतात, इथे गॉगल, एवढं सांगितलं की पटतं. नंबरचा चष्मा असलेल्या मुलाच्या भिंगाही पॉलिकार्बोनेटच्याच घ्या. काचेची भिंग फुटून डोळ्यात गेली तर खेळण्यापेक्षा तीच जास्त नुकसान करते.

बेचकीची भीती तुमच्या पत्नीला सगळ्यात जास्त असेल. बेचकीचा धोका नेमात आहे, आणि नेम शिकवता येतो. पेरूच्या किंवा चिंचेच्या फांदीचा सारख्या जाडीचा दुबेळका शोधायला त्याला अर्धा दिवस लागू दे. साल काढून लाकूड आठवडाभर सावलीत वाळवायचं. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापायच्या, जुन्या चपलेच्या चामड्याचा तुकडा मध्ये, आणि बांधायला पुन्हा ट्यूबचाच बारीक दोरा. इथेच एक गोष्ट बघायची. जुनी, उन्हात पडून तडकलेली ट्यूब घेऊ नका. ताणलेली पट्टी फांदीकडच्या गाठीतून सुटली की सगळा ताण थेट ताणणाऱ्याच्या डोळ्याकडे येतो. बेचकीनं स्वतःचाच डोळा जखमी करून घेतलेली मुलं अशीच येतात. दर वेळी खेळण्याआधी पट्टी ताणून प्रकाशात बघायची, बारीक चीर दिसली की बदलायची. नेम भिंतीवर कधीच नाही, दगड उलटून येतो. मातीचा बांध किंवा गवताची गंजी मागे असावी, समोर काठीला टांगलेला पत्र्याचा डबा, आणि एका वेळी एकाच्याच हातात बेचकी. बाकीचे त्याच्या मागे. पाखरांवर नाही आणि आंब्यावरही नाही, कारण आंब्याखाली नेहमी कुणीतरी उभं असतं.

भोवऱ्याबद्दल मला काळजी नाही. दुसऱ्याच्या भोवऱ्यावर आर मारून खोक पाडायचा खेळ लावला तर पायांकडे लक्ष ठेवा आणि रिंगणाच्या जवळ कुणी वाकून बसू देऊ नका. बाकी तो खुशाल खेळू दे. सावंतवाडीला चितार आळीत लाकडी भोवरे अजून मिळतात, लाखेच्या रंगाचे. दोरी गुंडाळून फेकणं आणि फिरता भोवरा तळहातावर उचलून घेणं यात मनगट, डोळा आणि ताल यांचं जे एकत्र काम होतं, ते मुलाला दुसऱ्या कशातून मिळेल असं मला वाटत नाही. बेअरिंगचा गाडा हा माझ्यापेक्षा हाडांच्या डॉक्टरांचा विषय आहे. रहदारी नसलेला उतार, पायात बूट, बोटं फळीच्या खाली घालायची नाहीत. मांज्याचं एकच: साधा सुती दोरा घ्या. काचेची पूड सरसात कालवून घरी मांजा घोटण्याचा सोहळा मलाही आवडायचा, पण ती पूड हवेत उडते, डोळ्यात जाते आणि बोटं कापते. नायलॉनच्या मांज्यावर तर राष्ट्रीय हरित लवादानं 2017 मध्ये देशभर बंदी घातली आहे. दर संक्रांतीला त्यानं दुचाकीवरच्या माणसांचे गळे आणि चेहरे कापले जातात, पाखरं तर किती मरतात.

आता जिथे माझा ठाम नकार आहे ते. पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोरेट आणि गंधक. लोखंडी नळीत भरायचं, वर खिळा किंवा बोल्ट बसवायचा आणि भिंतीवर आपटायचं. या मिश्रणाला पेटवावं लागत नाही. घासलं, आपटलं, नळीत जरा जास्त दाबलं तरी ते उडतं, कुटतानाही उडतं. म्हणूनच केंद्र सरकारनं 1992 मध्ये गंधक आणि क्लोरेट एकत्र असलेल्या स्फोटकांवर बंदी आणली. कारखान्यातल्या अनुभवी कामगारांच्या हातात जे धोक्याचं ठरलं ते नऊ वर्षांच्या मुलाच्या हातात द्यायचा विचारही नको. यात डोळ्यात जातो तो नळीचा नाहीतर खिळ्याचा तुकडा. लोखंडाचा कण डोळ्याच्या आत राहिला तर तो तिथे गंजतो आणि त्या गंजानं पडदा हळूहळू मरतो. बाहेरची जखम कधीकधी इतकी बारीक असते की घरच्यांना दिसतही नाही.

कार्बाइडची बंदूक तर नव्यानं आली आहे, आणि तिला "जुना देशी जुगाड" म्हणून व्हिडिओंमधून पसरवलं गेलं याचा मला मनापासून राग येतो. प्लास्टिकच्या पाईपमध्ये कॅल्शियम कार्बाइडचा खडा आणि थोडं पाणी, मागे गॅसचा लायटर. पाणी लागलं की ॲसिटिलीन वायू तयार होतो आणि ठिणगीनं भडकतो. मागे उरतो तो चुना, ताजा, गरम आणि तीव्र अल्कली. बार झाला नाही की मूल पाईपमध्ये डोकावून बघतं. त्याच क्षणी उडालं तर जाळ, प्लास्टिकचे तुकडे आणि चुना तिन्ही एकदम डोळ्यात जातात. 2025 च्या दिवाळीत मध्य प्रदेशात, मुख्यतः भोपाळमध्ये, या बंदुकीनं शंभराहून जास्त जणांच्या डोळ्यांना इजा झाली. त्यात मुलंच बहुसंख्य होती आणि काहींची दृष्टी गेली. ॲसिडपेक्षा अल्कली डोळ्याला जास्त घातक असते. ॲसिडनं वरचा थर गोठतो आणि पुढची वाट काही प्रमाणात बंद होते. चुना थर विरघळवत आत आत जात राहतो.

आणि धनुष्यबाण. 1987-88 मध्ये दूरदर्शनवर रामायण लागायचं. रविवारी सकाळी मालिका संपली की गल्लोगल्ली खराट्याच्या हिरांचे बाण सुटायचे. त्या काळात देशभरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यांत बाण लागलेली मुलं आली, त्यावर वैद्यकीय नियतकालिकांत लिहिलंही गेलं. हीर वजनानं अगदी हलका, पण टोक सुईसारखं. पारदर्शक पटल भेदायला तेवढं पुरतं. वर तो झाडाचा, अंगणातली घाण झाडलेला. त्यानं झालेल्या जखमेत बुरशी शिरते, आणि बुरशीचा संसर्ग साध्या जंतूंपेक्षा कितीतरी चिवट. औषध महिनाभर चालतं, शेवटी पांढरा डाग उरतोच. मुलाला धनुष्यच हवं असेल तर बाणाच्या टोकाला कापडाची लिंबाएवढी गाठ घट्ट बांधून द्या आणि तो फक्त भिंतीवर मारायचा.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल, मग हे घरी खेळणी बनवायचं प्रकरणच नको. मी नेमकं उलट सांगते आहे. घातक काय आहे ते पाहा: वेगानं उडणारी टोकदार वस्तू, आणि स्फोट होणारं रसायन. चाकू, करवत, हातोडी, खिळे यांच्याबद्दल मी वाईट बोललेले नाही. ती हत्यारं त्याला वापरू द्या, तुमच्या शेजारी बसून. अंधांसाठी ब्रेल लिपी तयार करणारा लुई ब्रेल तीन वर्षांचा असताना, 1812 मध्ये, वडिलांच्या कारखान्यात चामडं टोचायच्या आरीशी खेळत होता. ती त्याच्या डोळ्यात गेली, पुढे दुसरा डोळाही बिघडला आणि पाच वर्षांचा होईपर्यंत तो पूर्ण अंध झाला. आरी तिथे रोज वापरात होती, पण मूल फार लहान होतं आणि जवळ कुणी नव्हतं. नऊ वर्षांच्या मुलाचा हात शिकायला तयार असतो. हत्यार शरीराकडे ओढायचं नाही, बाहेर ढकलायचं. खिळा ठोकताना गॉगल. वाकडा खिळा हातोडीनं सरळ करत बसायचा नाही, त्यातूनच कण उडतात.

पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून दाखवली. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काड्यापेटीच्या काड्या जोडून केलेले त्रिकोण, चौकोन, घनाकृती मी स्वतः लहान मुलांकडून करून घेतल्या आहेत. काडीचं गुलाचं टोक खरवडून टाकायचं, एवढीच खबरदारी. त्यांची खेळणी कशी करायची ते मराठीतही मोफत उपलब्ध आहे. पाऊस पडला, बाहेर जाता आलं नाही, तर ते काढा. आंब्याच्या कोयीची पिपाणी, माडाच्या झावळीच्या देठावर बसवून ओढत न्यायचं, टायर काठीनं पळवायचा: यांत डोळ्याला काहीच धोका नाही, आणि मूल दिवसभर उन्हात-सावलीत असतं.

गावच्या घरात मला खेळण्यांपेक्षा दुसऱ्याच एका गोष्टीची जास्त भीती वाटते, ती म्हणजे तंबाखूच्या चुन्याची पुडी. मूल ती दाबतं, ती तोंडाशी फुटते आणि चुना सरळ डोळ्यात जातो. दोन-चार वर्षांची मुलं यात जास्त सापडतात, कधी दोन्ही डोळ्यांसकट. आजोबांच्या चंचीतली पुडी उंचावर ठेवायला आधी सांगा, मग बेचकीचं बघा. जत्रेत मिळणारा हिरवा लेझरही घेऊ नका. त्यानं पडद्याचा मधला भाग भाजतो, दुखत नाही, आणि भाजलेलं परत येत नाही.

जायच्या आधी जवळच्या गावात डोळ्याचं ऑपरेशन कुठे होतं, तिथे चोवीस तास कोणी असतं का, याची चौकशी करून नंबर फोनमध्ये ठेवा. लागलंच तर काय करायचं ते दोन प्रकारचं आहे, आणि दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध. चुना, कार्बाइड किंवा कुठलंही रसायन गेलं तर दवाखाना शोधत धावू नका. जागेवरच, मिळेल त्या स्वच्छ पाण्यानं, पापण्या उघड्या धरून निदान अर्धा तास धुवा. चुन्याचे कण ओल्या कापडानं टिपून काढा. मग निघा. टोकदार वस्तू लागली असेल, डोळ्यातून चिकट पाणी येत असेल, बाहुली गोल न राहता ओढल्यासारखी दिसत असेल, तर मात्र धुऊ नका, चोळू नका, दाबून पट्टी बांधू नका. काही रुतलं असेल तर उपसू नका. दूध, तूप, गुलाबपाणी, घरातले जुने थेंब यांतलं काहीही घालू नका. कागदी कपाचं तोंड भुवईच्या आणि गालाच्या हाडावर टेकेल असा तो उपडा धरा, चिकटपट्टीनं लावा आणि लगेच निघा. अशी जखम शक्यतो चोवीस तासांच्या आत शिवायची असते. वाटेत खायला-प्यायला देऊ नका, पाणीसुद्धा नाही, कारण लहान मुलाला पूर्ण भूल द्यावी लागते आणि पोट भरलेलं असलं की आम्हाला थांबावं लागतं.

मुका मार असेल आणि बाहुलीसमोर खाली रक्ताची रेघ साचलेली दिसत असेल, तर मुलाला डोकं उंच ठेवून झोपवा आणि त्याच दिवशी दाखवा. वेदनेसाठी ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन नको, रक्तस्राव वाढतो. रक्त थांबलं तरी पुढचे पाचेक दिवस पळापळ बंद, कारण याच दिवसांत ते पुन्हा वाहू शकतं आणि दुसऱ्यांदाचं जास्त असतं.

आणि निघताना एका कागदावर लिहून घ्या: किती वाजता लागलं, कशानं लागलं, शेवटचं खाणं कधी झालं. विटी किंवा बाण सापडला तर पिशवीत घालून सोबत आणा. टोक मोडून आत राहिलंय का, हे त्यावरून आम्हाला पटकन कळतं.